पाळी जाऊन बारा वर्षे झाली, आणि आता संबंधांनंतर रक्त दिसते : हे वयाचे म्हणून सोडून द्यावे का?

सदाफुली

नमस्कार. माझे वय ६१ आहे. मी शिक्षिका होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सातवीच्या मुलींना पाळीविषयी समजावून सांगण्याचे काम शाळेत माझ्याकडे असे. पाळी गेल्यानंतरचे मात्र मला कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही, म्हणून इतक्या उशिरा येथे विचारते आहे.

माझी पाळी ४९व्या वर्षी गेली. गेली दोन-अडीच वर्षे शरीरसंबंधांच्या वेळी सुरुवातीलाच जखमेवर मीठ लागावे तशी आग होते आणि नंतर लघवी करतानाही चुरचुरते. यजमानांच्या ते लक्षात येते आणि ते स्वतःच थांबतात. पण त्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक अक्षरही बोललेलो नाही. गेल्या महिन्यात सकाळी परकरावर फिकट गुलाबी डाग दिसला. पंधरा दिवसांनी पुन्हा दिसला, आणि या वेळी तो लाल होता, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. पोटात दुखत नाही, ताप नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर थोडी वाढलेली असते.

धाकट्या बहिणीला सांगितले तर ती म्हणाली, "ताई, या वयात अंग कोरडे पडायचेच, ते का कोणाला सांगायचे?" घराजवळच्या डॉक्टरांनी न तपासता रक्त थांबण्याच्या गोळ्या पाच दिवसांसाठी लिहून दिल्या. त्या मी अजून घेतलेल्या नाहीत. माझा प्रश्न असा आहे की दुखणे आणि रक्त येणे या दोन्हींचे कारण एकच असते का, आणि आणखी एकदा रक्त दिसेपर्यंत वाट पाहिली तर चालेल का?

कृष्णाकाठ

सदाफुलीताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे: वाट पाहू नका. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे आम्ही धरतो, आणि त्यानंतर दिसलेले रक्त, मग तो एकच डाग असो, गुलाबी असो वा तपकिरी, संबंधांनंतर येवो वा आपोआप, तपासल्याशिवाय सोडायचे नसते. ज्यांना असा रक्तस्राव होतो अशा शंभर स्त्रियांपैकी साधारण नऊ-दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. म्हणजे नव्वद जणींना तो नसतो, हे मी धीर देण्यासाठी सांगते. पण याची दुसरी बाजू अशी, की पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांना हा कर्करोग होतो त्यांच्यापैकी दहातील नऊ जणींना आधी रक्तच दिसलेले असते. हा आजार इतक्या लवकर आपली खबर देतो, आणि आपण ती खबर कपड्याबरोबर धुऊन टाकतो, याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते.

आता पहिला प्रश्न. दुखणे आणि रक्त यांचे कारण पुष्कळदा एकच असते, पण ते एकच आहे असे तपासणीआधी धरून चालणे हीच या विषयातील सर्वांत मोठी चूक आहे. बीजांडकोशांतून येणारे इस्ट्रोजेन कमी झाले की योनीचे अस्तर पातळ होते, त्यावरच्या चुण्या सपाट होतात, रक्तपुरवठा आणि ओलावा घटतो. तरुणपणी तेथे आम्लता राखणारे उपयुक्त जीवाणू असतात. त्यांचे खाद्य अस्तरातूनच मिळते, त्यामुळे अस्तर पातळ झाले की तेही कमी होतात आणि जंतुसंसर्ग सहज होतो. मूत्रमार्गाचे तोंडही त्याच संप्रेरकावर पोसलेले असते, म्हणून तुम्हाला लघवीची चुरचुर होते. असे नाजूक अस्तर घर्षणाने खरचटते आणि डाग पडतो. अंगातून वाफा निघण्याचा त्रास काही वर्षांनी बहुतेकींचा कमी होतो. हा कोरडेपणा मात्र उपचारांविना आपोआप बरा होत नाही, उलट वाढत जातो. पाळी गेलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना तो कमी-अधिक प्रमाणात जाणवतो. म्हणून तुमच्या बहिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे. अंग कोरडे पडते हे बरोबर, पण ते सोसायचे असते हे बरोबर नाही, आणि रक्त त्यामुळेच आले हे तर अजून कोणालाच ठाऊक नाही.

त्याच डागामागे गर्भाशयाच्या मुखावरचा पॉलिप, म्हणजे देठावर लोंबणारी मऊ गाठ, असू शकते. तेथील सूज किंवा मुखाचा कर्करोग असू शकतो, आणि संबंधांनंतर येणारे रक्त हे त्या कर्करोगाचे ठळक लक्षण आहे. रक्त आतून, गर्भाशयाच्या पिशवीतूनही येत असेल. तेथे अस्तर जाड झालेले असते, पॉलिप असतो किंवा कर्करोग असतो. क्वचित ते योनीतील नसतेच. मूत्रमार्गाच्या तोंडाशी लाल मण्याएवढा मांसल उंचवटा आलेला असतो, किंवा मूळव्याधीचे रक्त असते, आणि परकरावरचा डाग पाहून ते ओळखता येत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी आणि पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी "त्यानेच आले असेल" असे म्हणून तपासणी टाळू नये, कारण अशा गोळ्यांमुळे पुष्कळदा आधीच असलेली गाठ वाहू लागते.

दुखण्याबद्दल डॉक्टरांना एक गोष्ट नेमकी सांगा: ते दाराशीच दुखते की आत खोलवर. सुरुवातीलाच आग होणे कोरडेपणाचे असते, मधुमेहामुळे होणाऱ्या बुरशीचे असते, आणि साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी ही बुरशी अधिक होते. रात्री खाज सुटत असेल आणि बाहेरची त्वचा पांढरी, कागदासारखी पातळ झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचाविकार असू शकतो. त्याला नुसते खाजेचे मलम पुरत नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीव्र स्टिरॉइड मलम लागते. खोलवर दुखत असेल तर गर्भाशयातील वा बीजांडकोशातील गाठ, जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतील अवयव एकमेकांना चिकटणे, बद्धकोष्ठ, मूत्राशयाची सूज यांचा विचार करतात. शिवाय दुखेल या भीतीनेच कटीतळाचे, म्हणजे योनीभोवतालचे, स्नायू आवळले जातात आणि मग अस्तर बरे झाल्यावरही दुखतच राहते. हे मनाचे खेळ नाहीत. हाताची मूठ आवळावी तसे स्नायू खरोखर आवळलेले असतात आणि ते सैल करण्याची फिजिओथेरपी असते.

तपासणीत आधी आतून पाहतात. योनीत अतिशय कोरडेपणा असेल तर लहान आकाराचे स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहण्याचे साधन, वापरावे अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नका. मग गर्भाशयमुखाचा पॅप स्मिअर, म्हणजे तेथील पेशी पुसून घेऊन केलेली तपासणी, किंवा त्या मुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची एचपीव्ही तपासणी, आणि योनीमार्गातून सोनोग्राफी होते. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता शंभरात एकाहूनही कमी राहते. जाडी त्याहून जास्त असेल, किंवा कमी असूनही रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. त्यासाठी नेहमी भूल लागतेच असे नाही. पुष्कळदा बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातच काम होते. पॅप स्मिअर चांगला आला म्हणजे पिशवीही चांगली आहे, असा अर्थ मात्र काढू नका. ती तपासणी मुखासाठी असते.

रक्त थांबवण्याच्या गोळ्यांनी डाग थांबेल, कारण तेथेच राहील. त्या घेतल्या नाहीत हे बरे केलेत.

माणगंगा

डॉक्टर ताईंनी लिहिलेले प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचले, कारण मी आठ महिने अंगावर काढले आहेत. माझे वय ५७ होते. पहिला डाग संबंधांनंतरच आला, म्हणून मी तो त्याला जोडला आणि संबंध बंद केले. दोन महिने काही दिसले नाही, तेव्हा माझी खात्रीच पटली की कारण कळले आणि उपायही झाला. पुढे अधूनमधून तपकिरी पाणी जाऊ लागले. घरात सुनेचे बाळंतपण होते, मग दिवाळी आली, मग गावची जत्रा. स्वतःचे दवाखान्याचे काम बाईच्या यादीत सर्वांत शेवटी असते.

सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर निघाले. तुकडा काढल्यावर परिचारिकेने औषधी पाण्यातील एक छोटी बरणी माझ्या यजमानांच्या हातात दिली आणि ती प्रयोगशाळेत नेऊन द्यायला सांगितले. त्यांनी ती शर्टाच्या खिशात न ठेवता दोन्ही हातांत धरून रिक्षात बसून नेली. अहवालात कर्करोग होता, पण तो पिशवीपुरताच होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार लागले नाहीत, आणि आता चार वर्षे झाली आहेत. माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की वजन, साखर आणि रक्तदाब हे तिन्ही माझ्या बाबतीत धोका वाढवणारे होते. सदाफुलीताई, तुमच्यातही त्यातील दोन आहेत, म्हणून घाबरवण्यासाठी नव्हे, पण या आठवड्यातच जा.

गोदातीर

मी पुरुष आहे, वय ६५. येथे लिहावे की नाही याचा विचार करून लिहितो. माझ्या पत्नीला असाच त्रास होत होता आणि मीही तसाच न बोलता थांबत असे. मला वाटत होते की मी समजूतदारपणा दाखवतो आहे. तिला मात्र वाटत होते की माझे मन उडाले आहे. दीड वर्ष आम्ही एका घरात दोन वेगवेगळ्या गैरसमजांत राहिलो. शेवटी तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी "किती दिवसांपासून दुखते?" असे विचारल्यावर तिने माझ्यासमोर पहिल्यांदा उत्तर दिले. यजमानांना बरोबर घेऊन जा, आणि जाण्यापूर्वी घरीच त्यांना सांगा.

उसाचा मळा

माझा प्रश्न वेगळा आहे. माझी पिशवी ३४व्या वर्षी काढली. आमच्या बीड भागात हे नवीन नाही. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा जिल्ह्यातील ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते एवढ्याच तक्रारीवर मलाही शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि बीजांडकोश ठेवले की काढले हे कागदावर कोठेच नाही. आता मी ५२ वर्षांची आहे. संबंध जवळजवळ अशक्य झाले आहेत आणि दोनदा रक्त दिसले. पिशवीच नाही तर रक्त कोठून येते? आणि डॉक्टरकडे जायची मला भीती वाटते, कारण मागच्या वेळी गेले तेव्हा काय झाले ते मला आठवते.

कृष्णाकाठ

ताई, तुमची भीती योग्य आहे आणि ती तुमच्यावर झालेल्या अन्यायातून आली आहे. नको असलेली शस्त्रक्रिया एकदा झाली की बाई पुढची वीस वर्षे दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि खरी गरज असते तेव्हाही घरीच राहते. त्या पाहणीतील आकड्यांमागचे हे नुकसान कोणी मोजलेले नाही.

पिशवी काढल्यावर योनीचा वरचा टोकाचा भाग शिवून बंद केलेला असतो. त्या टाक्यांच्या जागी लाल, मऊ मांसाचा फुटवा राहिला तर तो स्पर्शाने वाहतो; तो औषध लावून तेथल्या तेथे बरा करता येतो. इतक्या वर्षांनंतर मात्र अधिक संभव कोरडेपणाचा आहे. बीजांडकोशही काढले असतील तर तुमची रजोनिवृत्ती पन्नाशीच्या सुमारास न होता चौतिसाव्या वर्षीच झाली, म्हणजे अठरा वर्षे योनीच्या अस्तराला संप्रेरक मिळालेले नाही. शिवाय बीजांडकोश ठेवले असले तरी अशा शस्त्रक्रियेनंतर ते काहींचे लवकर थकतात. या कारणाने हाडांची घनताही तपासून घ्या. योनीचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण तो पाहिल्याशिवाय नाही म्हणता येत नाही. तेव्हा एकदा आतून तपासणी आणि सोनोग्राफी आवश्यक आहे; सोनोग्राफीवरून बीजांडकोश आहेत की नाहीत याचाही अंदाज येतो. या वयात या तक्रारीसाठी तुम्हाला कोणी लगेच शस्त्रक्रिया सांगितली तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आरोग्यवाट

मी ग्रामीण भागात परिचारिका म्हणून २६ वर्षे काम केले. दोन गोष्टी सांगते. अंग बाहेर येते म्हणून वृद्ध स्त्रियांना आत रबरी कडे बसवून देतात. ते ठराविक काळाने काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवायचे असते. एका आजींना ते सहा वर्षांपूर्वी बसवले होते आणि त्यानंतर कोणीच पाहिले नव्हते. दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित पाणी जाते म्हणून त्या आल्या. कड्याने आत व्रण झाला होता. कडे काढून उपचार केल्यावर त्या बऱ्या झाल्या. तशीच विसरलेली तांबीही मी पाहिली आहे. घरातल्या सासूबाईंना, आईला असे काही बसवले होते का, हे लेकी-सुनांनी विचारावे.

दुसरी गोष्ट बार्शीची. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले: ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी केली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. जगभर या तपासणीचे धोरण ठरवताना ज्या स्त्रियांच्या अनुभवाचा दाखला देतात त्या आपल्या मराठवाड्याच्या शेतकरी बायका आहेत. मात्र ही तपासणी काही त्रास नसलेल्यांसाठी असते. ज्यांना रक्त दिसते त्यांनी शिबिराची वाट पाहू नये.

आणि कृपा करून डेटॉलच्या पाण्याने, साबणाने किंवा कडुनिंबाच्या काढ्याने आतून धुऊ नका. आधीच सोललेल्या जागेवर तो आणखी घाव असतो.

परदेशातली लेक

माझ्या आईला (६८) स्तनाचा कर्करोग झाला होता आणि इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी अजून चालू आहे. तिला हाच कोरडेपणा फार आहे. तिच्यासाठी काय करता येईल?

कृष्णाकाठ

तुमच्या आईसाठी पहिली पायरी संप्रेरकविरहित आहे. योनीत लावायचे ओलावा टिकवणारे जेल आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने वापरायचे, संबंध असोत वा नसोत. आणि संबंधांच्या वेळी वेगळे पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित वंगण घ्यायचे. हे दोन वेगवेगळे पदार्थ आहेत आणि पुष्कळ जणी फक्त वंगणच वापरून "उपयोग झाला नाही" असे म्हणतात. खोबरेल तेल घरोघरी वापरतात, पण त्याने कंडोमचे रबर फाटते हे लक्षात ठेवावे. इस्ट्रोजेनचे मलम त्यांना द्यायचे की नाही, याचा निर्णय त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ज्यांना असा आजार झालेला नाही, त्यांच्यासाठी इस्ट्रोजेनचे कमी मात्रेचे मलम हा उत्तम उपाय आहे. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा ते लावतात. रक्तात ते फारच थोडे उतरते. फरक जाणवायला काही आठवडे जातात, त्यामुळे आठ दिवसांत नळी फेकून देऊ नये. आणि रक्ताचे कारण कळेपर्यंत ते कोणीही स्वतःहून सुरू करू नये. शहरांतून योनीच्या लेझर उपचारांच्या जाहिराती दिसतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ सालीच त्यांच्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. तेथे पैसे घालण्याआधी साधे मलम नीट वापरून पाहा.

सदाफुली

सर्वांची मनापासून आभारी आहे. त्याच गुरुवारी गेले. जाण्याआधी रात्री यजमानांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "मला वाटले, तुला आवडत नाही म्हणून तू सांगत नाहीस." गोदातीर यांनी लिहिले होते ते आमच्या घरात शब्दशः खरे होते.

तपासणीत दोन्ही गोष्टी निघाल्या. योनीचे अस्तर फार पातळ होते आणि स्पर्शाने रक्ताचे बारीक ठिपके उठत होते. शिवाय मुखावर शेंगदाण्याएवढा पॉलिप होता. तो तेथेच पिळा देऊन काढला. कळ आली, पण ती दोन मिनिटांची होती. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर ३ मिलिमीटर, पॅप स्मिअर स्वच्छ, आणि पॉलिपचा अहवाल आठ दिवसांनी आला, त्यात कर्करोग नाही. डॉक्टर म्हणाल्या की पॉलिप न काढता नुसते मलम दिले असते तर आग थांबली असती आणि रक्त येतच राहिले असते. आता मलम सुरू केले आहे. पुन्हा डाग दिसला तर अहवाल चांगला असला तरी परत यायचे, असे त्यांनी कागदावर लिहून दिले आहे.

बहिणीला फोन करून हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिलाही मार्गशीर्षात दोनदा डाग दिसला होता. तिच्यासाठी मंगळवारची वेळ घेतली आहे, मी बरोबर जाणार आहे.

कृष्णाकाठ

फार चांगले झाले. बहिणीची पाळी कधी गेली, डाग कोणत्या तारखांना दिसले आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर त्या सांगायला अडखळल्या तर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.